चूक बोटाची की पडद्याची?



१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदी. होड्या वर ओढल्यात, जाळी दुरुस्तीला काढलीत. कागदपत्रांची कामंही याच दिवसांत उरकायची असतात आणि हल्ली ती टॅब्लेटवरच होतात. मागच्या आठवड्यात आपले एक ज्येष्ठ तांडेल संस्थेच्या ऑफिसात अर्ज भरायला बसले. पाऊण तास खपून शेवटच्या पानावर आले, ‘जमा करा’ दाबायला गेले आणि बोट लागलं शेजारच्या ‘रद्द करा’वर. सगळं पुसलं गेलं. ‘नक्की रद्द करायचं का?’ एवढंही अ‍ॅपने विचारलं नाही. ते उठले आणि म्हणाले, “सेक्रेटरीबाब, आमच्या हाताला हे जमायचं नाही. राहू दे अर्ज.”

अर्ज राहिला तर त्याचा लाभ जातो. त्यांचं ते वाक्य डोक्यातून जाईना, म्हणून या विषयावर जे मिळालं ते वाचून काढलं. त्यातलं आपल्या कामाचं इथे देतो. (खाली ‘बोट’ म्हणजे हाताचं बोट, खाडीतली नव्हे!)

एखादी वस्तू कोणाला न विचारता, न चुकता वापरता येते का, याचा अभ्यास करणारं एक शास्त्रच आहे. त्याला वापरसुलभता म्हणतात. आयपॅड एप्रिल २०१० मध्ये अमेरिकेत विक्रीला आला आणि पुढच्याच महिन्यात रालुका बुडियू आणि याकोब निल्सन या दोन अभ्यासकांनी त्यावरच्या अ‍ॅप्स आणि वेबसाइट्सचा पहिला अहवाल काढला. पद्धत साधी. माणसाच्या हातात टॅब्लेट द्यायचा, एक काम सांगायचं आणि तो कुठे अडतो ते बघायचं. वर्षभराने, २०११ मध्ये, त्यांनी पुन्हा तपासणी केली.

त्यांना दिसलेली एक गोष्ट तर आपल्या तांडेलांचीच गोष्ट आहे. वेबसाइटवरची अक्षरं वाचता येतात, पण तीच अक्षरं बोटाने दाबायला गेलं की नेम चुकतो. कारण ती पानं माउसच्या बारीक टोकासाठी केलेली. मोठ्या माणसाची तर्जनी दीड-दोन सेंटीमीटर रुंद असते. म्हणून हे अभ्यासक सांगतात की दाबायची जागा निदान १ सेंटीमीटर बाय १ सेंटीमीटर हवी आणि दोन बटणांत अंतर हवं. मी फूटपट्टी घेऊन आपल्या त्या अर्जाचं बटण मोजलं. उंची अर्धा सेंटीमीटर. ‘जमा’ आणि ‘रद्द’ एकमेकांना चिकटून. आयुष्यभर दोर ओढलेल्या हाताने नेम धरायचा तरी कसा?

दुसरं असं, की चुकून काहीतरी दाबलं जातं आणि पडदा भलतीकडेच जातो. मग मागे यायचं बटण असेल तर ठीक. त्यांनी तपासलेल्या बऱ्याच अ‍ॅप्समध्ये ते नव्हतंच. तिसरं, बोट सरकवलं की पान उलटतं, पण सरकवायचं आहे याची पडद्यावर खूणच नसते. पाण्याखालच्या खडकावर बोया नसावा तसं. माहीत असलेला सुखरूप जातो, नवखा आपटतो.

आपली आणखी एक अडचण आहे, पाण्याची. हा पडदा बोटाचा दाब ओळखत नाही, बोटामुळे विजेच्या भारात होणारा बारीक फरक ओळखतो. पाण्याचा थेंब पडला की तो गोंधळतो, आणि खारं पाणी तर वीज जास्तच वाहून नेतं. रबरी हातमोज्यातून बहुतेक वेळा तो बोट ओळखतच नाही. म्हणून जेटीवर अर्ज उघडू नका. हात आणि पडदा दोन्ही कोरडे पुसून बसा. अक्षरं बारीक असतील तर दोन बोटांनी पडदा ताणून मोठा करा. वेबसाइटवर हे बहुधा चालतं, अ‍ॅपमध्ये बरेचदा चालत नाही.

निल्सनसाहेबांचं आणखी एक म्हणणं आहे. दोष शोधायला शेकडो माणसं लागत नाहीत, पाच जणांनी वापरून पाहिलं तरी बहुतेक मोठे दोष उघडे पडतात. मात्र वापरणारे वेगवेगळ्या तऱ्हेचे असले तर प्रत्येक गटातली माणसं घ्यावीत. म्हणजे तांडेल वेगळे, बाजारात मासळी विकणाऱ्या आमच्या ताई-मावश्या वेगळ्या. आणि ‘आवडलं का?’ असं विचारायचं नाही. पाहुण्याला चहा कसा झाला विचारलं तर वाईट कोण म्हणेल? माणूस काय बोलतो यापेक्षा काय करतो ते बघायचं. सगळ्यात कठीण म्हणजे शेजारी बसून गप्प राहायचं, ‘इथे दाबा’ म्हणायचं नाही. मला ते दोन मिनिटंही जमलं नाही, खरं सांगतो.

तरी पाच सभासदांना बसवून पाहिलं. तिघे त्याच दोन बटणांपाशी अडकले, त्यातला एक पंचविशीतला. मग मी तांडेलांच्या घरी जाऊन हे सांगितलं. दुसऱ्या दिवशी ते आले. पडदा ताणून, बटण मोठं करून त्यांनी स्वतःच अर्ज जमा केला.

बटणाचं माप आणि पाच जणांची नोंद घालून संबंधित कार्यालयाला पत्र तयार करतोय. तुम्हीही कुठे अडला असाल तर खाली लिहा. काय दाबायला गेलात आणि काय दाबलं गेलं, एवढंच. पडद्याचा फोटो असेल तर उत्तम. नाव-नंबर दिसत असेल तर तेवढा भाग झाकून पाठवा.