शाळेची परसबाग आणि मुलांचे आरोग्य

रहिमतपूर हे सातारा जिल्ह्याच्या कोरेगाव तालुक्यातील गाव. जवळच्याच धामणेरने संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानात नाव मिळविले. स्वच्छता, पाणी आणि शाळा हे विषय या भागाला नवे नाहीत.

त्याची मुळे जिल्ह्याच्या परंपरेतच सापडतात. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली कराडजवळील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली. तिच्या वसतिगृहांतून मुले शेतात राबत आणि स्वयंपाकही स्वतः करीत. पर्यावरण शिक्षण हा शब्दप्रयोग त्या वेळी कोणाच्या तोंडी नव्हता. पण माती, पाणी व अन्न यांचे नाते मुलांच्या हातांना कळत होते. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण शिक्षणाबाबत निर्देश दिले आणि विषय वर्गात आला. मात्र बहुतेक ठिकाणी तो वहीतच राहिला, हे मान्य केले पाहिजे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९–२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. आज शाळेत बसणाऱ्या मुली उद्या याच गटात जाणार आहेत. लोहाच्या गोळ्या आवश्यक आहेतच. परंतु पालेभाजीतील लोह अंगी लागण्यास लिंबू वा आवळा साहाय्य करतो आणि जेवणाबरोबरचा चहा त्यात अडथळा आणतो, ही गोष्ट मुलीला ठाऊक असेल तर घरच्या ताटातही फरक पडतो. अंकुशकृमी अनवाणी पायांवाटे शरीरात शिरतो व आतड्यातून रक्त शोषतो. म्हणून शौचालय, चप्पल आणि परसबाग हे एकाच धड्याचे भाग ठरतात. हात धुण्याचे सांडपाणी शेवग्याच्या व पपईच्या आळ्यात सोडले की डबके राहत नाही, डासही कमी होतात. कोरेगावचा वाघ्या घेवडा भौगोलिक मानांकन मिळालेले कडधान्य आहे. तालुक्यातील मुलांना प्रथिनांचा पाठ शिकविण्यास याहून जवळचे उदाहरण कोणते?

अडचण निराळीच आहे. जूनमध्ये हौसेने लावलेली बाग एप्रिल-मेच्या सुटीत वाळून जाते. उत्साही शिक्षकाची बदली झाली की कुदळ-खोरी कोठीत पडतात. हे काम एकट्या शिक्षकावर सोपविणे अन्यायाचे होय. सुटीतील पाण्याची जबाबदारी ग्रामपंचायतीने अथवा नगरपालिकेने घ्यावी, शाळा व्यवस्थापन समितीतील पालकांनी पाळ्या लावाव्यात, आणि उन्हाळ्यातील भाजी पाळी करणाऱ्यांच्या घरी जावी.