प्रवेश झाला, पुढे?

सप्टेंबर २०२२ मध्ये मी अमळनेरहून रशियाला डॉक्टरकी शिकायला निघालो. मायनं बॅगेत बिबड्या, कळण्याचं पीठ आणि ठेच्याचे दोन डबे भरले होते. नीटमध्ये पात्र ठरलो होतो, पण सरकारी जागा मिळेल एवढे गुण नव्हते आणि इथल्या खासगी कॉलेजची फी आमच्या ऐपतीबाहेरची होती. कापसाच्या पैशांत बँकेचं कर्ज घालून बाबांनी तिथली पहिल्या वर्षाची फी भरली. आमच्या खानदेशातून याच कारणानं बरीच मुलं रशियाची वाट धरतात. ज्याच्या मार्फत प्रवेश झाला, त्यानं धुळ्याच्या ऑफिसात बसून बाबांना सांगितलं होतं, "दादा, विमानतळावर आपला माणूस उभा राहील, निश्चिंत राहा." माणूस आला, पण अकरा तासांनी.

त्या अकरा तासांत कळलं, की माझं एटीएम कार्ड तिथं चालतच नाही. मार्च २०२२ मध्ये व्हिसा आणि मास्टरकार्डनं रशियातलं काम थांबवलं होतं, त्यामुळे आपल्या बँकांनी दिलेली त्यांची कार्डं तिथं बंद होती. ही बातमी तेव्हा सगळीकडे छापून आली होती. ती आम्हालाही लागू आहे, हे घरात कोणाच्या लक्षात आलं नाही. निघताना धुळ्याच्या मामांनी बळंच खिशात दोनशे डॉलर कोंबले होते, त्यावर ती रात्र निघाली. तुम्ही जाल तेव्हा रोख डॉलर किंवा युरो सोबत ठेवा आणि ते दोन ठिकाणी वाटून ठेवा. घरून पैसे कोणत्या कायदेशीर मार्गानं येणार, हे तिथं आधीपासून शिकणाऱ्या मुलाला निघण्यापूर्वी विचारून घ्या. एजंटाला विचारून हे समजत नाही. त्याचं काम तिकिटापाशी संपलेलं असतं.

यापेक्षा मोठी चूक दुसऱ्या दिवशी झाली. विमानतळावर पासपोर्टसोबत एक छोटा कागद देतात, त्याला मायग्रेशन कार्ड म्हणतात. देश सोडेपर्यंत तो जपायचा असतो. मला न्यायला आलेल्या माणसानं "रजिस्ट्रेशन करायचंय" म्हणून माझा पासपोर्ट आणि तो कागद दोन्ही घेतले. मी दिले. तिथं पोहोचल्यावर कामकाजाच्या सात दिवसांत राहत्या पत्त्याची नोंद व्हावी लागते. माझी नोंद मुदतीत झाली नाही. वर "फाइलचे पैसे" दिल्याशिवाय पासपोर्ट परत मिळेना. महिनाभर मी पासपोर्टशिवाय राहिलो. रस्त्यावर पोलीस दिसला की पोटात गोळा यायचा, आणि घरी फोनवर माय विचारायची, "जेवना का रे भाऊ?" मी हो म्हणायचो. दंड मीच भरला. बाबांना हे सगळं कळलं ते वर्षभरानं.

शेवटी चोपड्याच्या एका सीनियर ताईनं मला विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थ्यांच्या कार्यालयात नेलं. तिथं कळलं, की ही नोंद विद्यापीठच करतं. पासपोर्ट थेट त्यांच्याकडे द्यायचा, पोच घ्यायची आणि काम झालं की परत घ्यायचा. मधला माणूस लागतच नाही. म्हणून हात जोडून सांगतो, पासपोर्ट कोणत्याही दादाच्या, सरांच्या, एजंटाच्या हाती देऊ नका. पासपोर्ट, व्हिसा आणि मायग्रेशन कार्ड यांचे फोटो घरच्यांकडे ठेवा. परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' पोर्टलवर नाव नोंदवा. मॉस्कोत आपला दूतावास आहे आणि सेंट पीटर्सबर्गला वाणिज्य दूतावास आहे. अडचण आली तर लाजू नका, तिथं कळवा. मी लाजलो आणि महिना घालवला.

कॉलेज निवडतानाची एक गोष्ट पालकांसाठी. "एनएमसी मान्य कॉलेज" असं कोणी सांगितलं तर तिथंच थांबा. एनएमसी, म्हणजे राष्ट्रीय वैद्यकीय आयोग, परदेशी कॉलेजांची अशी मान्य यादी काढत नाही. त्यांचे नोव्हेंबर २०२१ चे नियम आहेत : अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा, शिक्षण इंग्रजीतून, त्याच संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप, आणि त्या देशात डॉक्टरकी करण्याइतकी पात्रता. परत आल्यावर परीक्षा आणि इथली इंटर्नशिप वेगळी. काही ठिकाणी पहिली वर्षं इंग्रजीत आणि पुढची रशियनमध्ये शिकवतात. ते लेखी विचारून घ्या, कारण सहा वर्षांनी विचारून उपयोग नाही.

आता जे सांगायचं आहे, त्यासाठीच खरं तर लिहायला बसलो.

जून २०२३ मध्ये परीक्षा संपल्यावर आम्ही तिघं नदीवर गेलो. तिकडे जूनमध्ये रात्री उशिरापर्यंत उजेड असतो. ऊन होतं, लोक काठावर बसले होते. आमची बोरी नदी उन्हाळ्यात कोरडी पडते, पांझरेतही जूनच्या सुरुवातीला गुडघाभर पाणी शोधावं लागतं. आम्हाला नदीची भीती ठाऊकच नव्हती. कमरेपर्यंत गेलो आणि छातीत एकदम श्वास अडकला. पाय वळेनात. चार हातांवर काठ होता, पण हाका मारायलाही आवाज निघेना. गळ टाकून बसलेल्या एका म्हाताऱ्या बाबांनी काठी पुढे केली, तिला धरून बाहेर आलो. ते रागावून खूप काही बोलले. शब्द समजले नाहीत, अर्थ समजला.

बाहेर हवा तापली तरी हिवाळाभर गोठलेल्या नदीचं पाणी लवकर तापत नाही. अंगाला गारठा बसला की माणूस धापा टाकतो, नाकातोंडात पाणी जातं आणि काही मिनिटांत हातपाय काम करेनासे होतात. पट्टीचा पोहणाराही यातून सुटत नाही. वरून संथ दिसणाऱ्या पाण्याखाली ओढ असते. नदीत काय झालं हे मी कोणालाच सांगितलं नाही. घरी कळलं तर परत बोलावतील, अशी भीती होती.

पुढच्या जूनमध्ये, २०२४ साली, वेलिकी नोवगोरोदजवळ वोल्खोव नदीत चार भारतीय विद्यार्थी बुडाले. त्यांच्यासोबतची पाचवी विद्यार्थिनी वाचली. गेलेल्यांत आपल्या जळगाव जिल्ह्यातली मुलं होती, आमच्या भागातली. माझ्यासारखीच डॉक्टर व्हायला गेलेली. जिल्ह्यात ती बातमी आली त्या रात्री मायनं मला चार वेळा फोन केला, आणि चौथ्यांदा मी तिला वर्षभर लपवलेलं सगळं सांगितलं.

मी आधी बोललो असतो तर काय झालं असतं, मला माहीत नाही. आता मात्र दरवर्षी नव्यानं येणाऱ्या प्रत्येक मुलाला पहिल्याच आठवड्यात नदीवर नेतो, काठावर बसवतो आणि पाण्यात फक्त हात बुडवायला सांगतो. तुम्ही जाल तेव्हा तुमच्या सीनियरला तसंच न्यायला सांगा, आणि पाण्यात उतरू नका.