शलाका, मौन आणि मत

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सांगितले होते, की संसदीय कामकाजाची रीत या देशाला नवी नाही. ठराव, गणपूर्ती, मतमोजणी, गुप्त मतदान हे सारे भिक्खूसंघाला ठाऊक होते. हे नियम विनयपिटकात आहेत. त्यांचा थोडक्यात अभ्यास आपण करू.

संघाचे काम प्रथम आवाजावर चाले. विषय मांडणे म्हणजे 'ञत्ति'. उपसंपदेसारख्या महत्त्वाच्या कामात ञत्तीनंतर ठराव तीन वेळा घोषित करीत. मान्य असणाऱ्याने गप्प राहावे, मान्य नसणाऱ्याने बोलावे, असा दंडक होता. मौन ही संमती धरली जाई. म्हणूनच बोलण्याची संधी तीनदा दिली जाई. आजारी भिक्खूही आपला 'छंद', म्हणजे संमती, दुसऱ्याकरवी कळवी.

वाद मिटलाच नाही तर बहुमत घेत. त्यास 'येभुय्यसिका' म्हणत. त्यासाठी शलाका, म्हणजे काड्या, वाटत. चुल्लवग्गात तीन पद्धती दिल्या आहेत :

१) गूळ्हक : दोन पक्षांच्या दोन रंगांच्या शलाका. हवी ती घ्यावी, कोणास दाखवू नये.
२) सकण्णजप्पक : प्रत्येकाच्या कानात सांगणे. हेही गुप्तच.
३) विवटक : उघड मतदान.

शलाका वाटणारा संघानेच निवडावा. तो लोभ, द्वेष, मोह व भय यांमुळे पक्षपात न करणारा असावा आणि कोणी शलाका घेतली, कोणी नाही, हे जाणणारा असावा.

मात्र एक फरक ध्यानी घ्यावा. धर्मवादी अल्पमतात आहेत असे दिसल्यास ते मतदान रद्द ठरविण्याची मुभा त्याला होती. आजच्या निवडणूक अधिकाऱ्यास तशी मुभा नाही. तेथे संघाचे ऐक्य व धम्म यांना प्रथम स्थान होते; येथे प्रत्येक मताचे मोल समान आहे.

हे समान मोल सहज मिळाले नाही. १९१९ मध्ये साउथबरो समितीपुढे व १९२८ मध्ये सायमन कमिशनपुढे बाबासाहेबांनी अस्पृश्यांच्या मताधिकाराची बाजू मांडली. पुढे संविधानाच्या कलम ३२६ ने प्रौढ मताधिकार दिला. १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत निरक्षरांसाठी प्रत्येक उमेदवाराची चिन्ह लावलेली वेगळी पेटी होती. १९८९ पासून मतदाराचे वय २१ वरून १८ झाले.

गुप्ततेचे मोल शेतमजुरास विचारावे. ज्याच्या शेतावर पोट, त्याच्यासमोर हात वर करायचा म्हटले की हात आपलासा राहत नाही. पडद्याआड तो आपला होतो. पण तोच हात पैशाला विकला तर पडदा काय करणार ?

आपल्या मंडळांच्या सभांतही 'मंजूर, मंजूर' अशा गजरात ठराव पास होतात. हिशेब न कळलेला सभासद गप्प बसतो आणि त्याचे मौन संमतीत जमा होते. विद्यार्थी मित्रांनी हे लक्षात ठेवावे. शंका असेल तर ठराव पुन्हा वाचावयास सांगावे, उठून बोलावे, गरज पडल्यास चिठ्ठीने मत मागावे. संघात तीन वेळा विचारीत होते, ते कोणी तरी उत्तर द्यावे म्हणूनच.