शेजारी शेजारी दोन वाफे: गहू आणि पालक

बार्शीच्या काळ्या रानात शाळू कसा येतो, हे तुम्हाला कुणी सांगायला नको. आता परसात दोन छोटे वाफे करू. एकात गहू, एकात पालक. माती एक, ऊन एक, हात तुमचेच. कोण काय मागतं आणि बदल्यात काय देतं, ते मार्चपर्यंत तुमच्या वहीत उतरेल. फक्त क्रम मोडू नका. मी शेजारी उभा आहेच.

हाताशी काय हवं

- दिवसभर ऊन येणारी, दोन वाफे मावतील एवढी जागा
- कुजलेलं शेणखत ३० किलो
- गव्हाचं बियाणं १०० ग्रॅम (निफाडच्या संशोधन केंद्राचं 'फुले समाधान' उत्तम)
- पालकाचं बी ३५ ग्रॅम ('ऑलग्रीन' चालेल)
- युरिया ४४० ग्रॅम, सुपर फॉस्फेट ६२५ ग्रॅम, पोटॅश १३० ग्रॅम
- अझोटोबॅक्टर, चिमूटभर गूळ
- कुदळ, खुरपं, विळा, छोटा तराजू, १५ लिटरची बादली, एक पसरट कुंडी, वही

ऑक्टोबर अखेर: रान तयार करा

१. ५ मीटर लांब आणि २ मीटर रुंद असे दोन सपाट वाफे आखा. मध्ये दीड फुटाची वाट ठेवा, नाहीतर पालकाचं पाणी गव्हात झिरपेल आणि सगळा हिशेब बुडेल.

२. माती वीतभर खोल खणा. जमीन ओली चिकट असताना कुदळ लावू नका. काळ्या मातीची ढेकळं पुढे दगडासारखी होतात.

३. गव्हाच्या वाफ्यात १० किलो आणि पालकाच्या वाफ्यात २० किलो शेणखत मिसळा. खत पूर्ण कुजलेलं हवं. वाफ निघत असेल तर ते अजून कच्चं आहे, थांबा.

४. दोन्ही वाफ्यांचे बांध हाताने दाबून पक्के करा. एक कोपरा खाली राहिला तर सगळं पाणी तिथेच साचतं.

५ ते १० नोव्हेंबर: पेरणी

५. पाइपाने बादली किती सेकंदांत भरते ते मोजून वहीत लिहा. यापुढे घड्याळ लावलं की पाणी आपोआप मोजलं जाईल. अंदाजाने दिलेलं पाणी वहीत काही कामाचं नाही.

६. ५ नोव्हेंबरला दोन्ही वाफे भरपूर भिजवा. भिजल्यावर त्यात पाय ठेवू नका, माती घट्ट बसते.

७. रोज मूठभर माती दाबून गोळा करा आणि कमरेइतक्या उंचीवरून सोडा. गोळा फुटला की वापसा आला. नुसता चपटा झाला तर अजून एक दिवस थांबा.

८. ९ तारखेच्या रात्री ३० ग्रॅम पालकाचं बी पाण्यात भिजत घाला. उरलेलं ५ ग्रॅम कोरडंच डबीत ठेवा. ते जानेवारीत लागेल.

९. १० तारखेला सकाळी गव्हाला चमचाभर अझोटोबॅक्टर गुळाच्या पाण्यातून चोळा. बी सावलीतच सुकवा. उन्हात ठेवलंत तर त्यातले जिवाणू मरतील.

१०. गव्हाच्या वाफ्यात १३० ग्रॅम युरिया, ३७५ ग्रॅम सुपर फॉस्फेट आणि ६५ ग्रॅम पोटॅश मातीत मिसळा. मुठीने नको, तराजूने.

११. पालकाच्या वाफ्यात ६० ग्रॅम युरिया, २५० ग्रॅम सुपर फॉस्फेट आणि ६५ ग्रॅम पोटॅश मिसळा. इथे युरिया कमी दिसतो, कारण उरलेला पुढे पहिल्या दोन कापण्यांनंतर द्यायचा आहे. आज सगळा ओतू नका.

१२. गव्हासाठी २० सेंटिमीटरवर, म्हणजे वीतभर अंतराने, दहा काकऱ्या ओढा. प्रत्येकीत १० ग्रॅम बी तीन बोटं खोल पेरून झाका. वरच्यावर टाकलंत तर चिमण्यांचीच दिवाळी.

१३. पालकासाठी २५ सेंटिमीटरवर आठ काकऱ्या ओढा. भिजवलेलं बी बोटाच्या एका पेराइतकंच खोल पेरा. गव्हाइतकं खोल गेलं तर कोंब वर यायला झगडतो.

१४. फक्त पालकावर झारीने ४ बादल्या पाणी शिंपडा. गव्हाला आज पाणी नाही. वापशाची ओल त्याला पुरते.

पाणी: खरी तुलना इथेच

१५. पालकाला दर आठ दिवसांनी १६ बादल्या द्या. पहिली पाळी १८ नोव्हेंबरला. एक पाळी चुकली की पानं चामड्यासारखी होतात.

१६. गव्हाला २१ दिवस पाणी देऊ नका. शेजारचा पालक पितोय म्हणून दया येईल, पण पाइप वळवू नका.

१७. १ डिसेंबरला गव्हाच्या ओळींमध्ये १३० ग्रॅम युरिया टाका. पानांवर पडू देऊ नका, टोकं करपतात.

१८. लगेच गव्हाला पहिल्या ४० बादल्या द्या. मुकुटमुळं फुटण्याची हीच वेळ. ही चुकली तर फुटवे कमी येतात आणि नंतर कितीही पाणी दिलं तरी भरून निघत नाही.

१९. पुढच्या तीन पाळ्या, प्रत्येकी ४० बादल्यांच्या, वहीत तारखेनिशी आधीच लिहून ठेवा: २२ डिसेंबर (कांडी धरताना), १२ जानेवारी (फुलोरा आणि चीक भरताना), २ फेब्रुवारी (दाणा भरताना). ओंब्या आल्यावर वारं सुटलेलं असेल तर त्या वेळी पाणी देऊ नका, गहू लोळतो.

२०. बोअरने दगा दिला तर गव्हाच्या पाळ्या कमी करा. दोनच शक्य असतील तर १ डिसेंबर आणि १२ जानेवारीच्या द्या. एकच शक्य असेल तर २२ डिसेंबरच्या आसपासची. पालकाला ही सवलत नाही. त्याचा अर्धा वाफा सोडून द्या आणि उरलेल्याला पोटभर पाजा.

निगा आणि काढणी

२१. बाराव्या दिवशी पालकाची विरळणी करा. एकेका बीजगाठीतून दोन-तीन रोपं येतात, त्यामुळे दाटी होणारच. उपटलेली कोवळी रोपं फेकू नका, वरणात टाका. पालकाचा पहिला घास बाराव्या दिवशीच ताटात आला, हे वहीत लिहा.

२२. विसाव्या दिवसाच्या आसपास दोन्ही वाफे खुरपा. गव्हात जपून! काही गवतं अगदी गव्हासारखी दिसतात. ओळीबाहेरचं तेवढंच काढा.

२३. १२ डिसेंबरच्या सुमाराला पालक विळ्याने कापा. बुडाशी तीन बोटं सोडा. मुळासकट उपटलात तर तुलना तिथेच संपली.

२४. कापल्यावर ६० ग्रॅम युरिया देऊन पाणी द्या. असं पहिल्या दोन कापण्यांनंतरच करायचं. कापण्याआधी युरिया नको.

२५. साधारण १८ दिवसांच्या अंतराने, म्हणजे ३० डिसेंबर, १७ जानेवारी आणि ४ फेब्रुवारीला, पालक पुन्हा कापा. पानावर नागअळीच्या वेड्यावाकड्या रेषा दिसल्या तर ते पान खुडून नष्ट करा. खायच्या पानावर औषध फवारू नका.

२६. प्रत्येक कापणी तराजूवर घालून वजन लिहा. 'दोन जुड्या' असं लिहू नका. जुडी विकणाऱ्याची वेगळी, घेणाऱ्याची वेगळी.

२७. २८ जानेवारीला राखून ठेवलेलं पालकाचं बी भिजवून दुसऱ्या दिवशी कुंडीत पेरा. वाफ्यातल्या पालकाला उन्हं वाढली की तुरे येतील आणि पानं उग्र लागतील. कुंडी मात्र दुपारी सावलीत सरकवता येते.

२८. फेब्रुवारीत ओंब्या हिरव्या आणि दाणे भरलेले असताना मूठभर काढून निखाऱ्यावर भाजा. फक्त मूठभर! चव आवडली म्हणून वाफाच भाजलात तर पिठाला काही उरणार नाही.

२९. महिनाअखेर दाणा दाताखाली धरा. कट्‌कन फुटला की सकाळच्या गारव्यात गहू कापा. अवकाळीचं आभाळ दिसत असेल तर लांबवू नका. वाळून कडक झालेली ओंबी हात लागताच झडते.

३०. पेंढ्या दोन दिवस वाळवून ताडपत्रीवर काठीने बडवा. पोतं अंथरू नका, दाणे विणीत अडकतात.

३१. सुपाने पाखडून दाण्यांचं वजन करा. काड जाळू नका. कुंड्यांत आच्छादन म्हणून पसरा.

वही उघडा

३२. आता दोन रकाने आखा आणि भरा: पहिला घास कितव्या दिवशी, कापण्या किती, बादल्या किती, वजन किती. सगळं जमून आलं तर गहू साधारण चार किलो आणि पालक दहा ते पंधरा किलो उतरतो. वजनाची थेट बरोबरी मात्र करू नका. पालकाच्या वजनात बहुतेक पाणीच असतं, आणि गहू डब्यात वर्षभर टिकतो. पालक दुसऱ्या दिवशी माना टाकतो.

३३. बादल्यांची बेरीज करा. सुरुवातीचं भिजवणं सोडून गव्हाच्या चार चाळीस, म्हणजे १६०. पालकाच्या दहा सोळा, म्हणजे १६०, वर झारीच्या चार. चुकलं नाही, पुन्हा मोजा! पाणी जवळपास तेवढंच; एकाला ते चार नेमक्या दिवशी हवं, दुसऱ्याला दर आठवड्याला. तुमच्या बोअरला यातलं काय झेपतं, ते पाहूनच पुढच्या वर्षी मोठा वाफा कशाचा करायचा ते ठरवा.

३४. अर्धा किलो गहू गिरणीत न्या. आधी कुणाचा शाळू दळला असेल तर पहिलं ओंजळभर पीठ वेगळं ठेवा, नाहीतर चपाती लाटताना चिरेल.

३५. कुंडीतला पालक खुडा, शेंगदाणे घालून पातळ भाजी करा आणि तव्यावरची चपाती गरम असतानाच ताटं घ्या. भाजी शिजायला दहा मिनिटं लागतात. कणीक आधी मळून ठेवा.