मन खचते तेव्हा

रोहिणखेडच्या शिवारात नैराश्याला कोणी नैराश्य म्हणत नाही. "करमत नाही", "डोकं जड राहते", "हातपाय गळाले" असे सांगतात. शेजारी त्याला कामचुकार ठरवतात, घरचे बाहेरची बाधा समजून भगताकडे नेतात. मंडळीत कोणी म्हणते, विश्वास कमी पडला. हे बोलणे सर्वांत जास्त लागते. एलीया संदेष्ट्याने झुडपाखाली बसून मरण मागितले, तेव्हा देवदूत त्याला रागावला नाही. त्याने भाकर व पाणी दिले, झोपू दिले (१ राजे १९).

दोन आठवड्यांहून जास्त दिवस मन उदास असेल, आवडीच्या कामातही रस नसेल, झोप-भूक बिघडली असेल, तर तो आजार समजावा. यात एक चक्र असते. माणूस उदास म्हणून घरात बसतो, आणि घरात बसल्याने आणखी उदास होतो. समुपदेशक हेच चक्र तोडतो. तो उपदेश करत नाही, ऐकून घेतो. मग रोज एक लहान काम ठरवून देतो: गुरांना पाणी पाजणे, पारावर जाऊन येणे. पुढच्या भेटीत विचारतो, काय जमले?

हे फक्त शहरात चालते असे नाही. आपल्या वऱ्हाडातच, अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत 'विश्राम' प्रकल्पात गावपातळीवरच्या प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी हे काम केले. आधी नैराश्यग्रस्तांपैकी जेमतेम ४.३ टक्के लोक उपचारापर्यंत पोहोचत. नंतर ते प्रमाण २७.२ टक्के झाले. आत्महत्येचे विचारही निम्म्यावर आले. हे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले.

आजार जास्त असेल तर डॉक्टर गोळ्या देतात. त्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. आठ दिवसांत "फरक नाही" म्हणून सोडू नयेत, आणि बंदही डॉक्टरांना विचारूनच कराव्यात.

कोणी मरणाची भाषा बोलत असेल तर त्याला सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. त्याला एकटे सोडू नका. फवारणीची औषधे घरातून हलवा किंवा कुलपात ठेवा. १४४१६ या 'टेली-मानस' क्रमांकावर दिवसरात्र, मोफत, मराठीत बोलता येते. आशाताई किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रामार्फत बुलढाण्याच्या जिल्हा रुग्णालयातही जाता येते. पहिल्या खेपेला कोणीतरी सोबत जावे. समुपदेशकासमोर मात्र त्याला एकट्यालाच बोलू द्यावे.