मायलेकी आणि भगिनीसंघ

प्रस्तावना

आई आणि मुलगी यांचे नाते जन्माने लाभते. दोघी एकाच संस्थेत काम करू लागल्या, की त्या नात्याला मैत्रिणीच्या आणि सहकाऱ्याच्या नात्याची जोड मिळते. महिला मंडळांत, भजनी मंडळांत आणि बचत गटांत आज अशा मायलेकी दिसतात. पंडिता रमाबाई आणि त्यांची कन्या मनोरमाबाई यांच्या जीवनात हे नाते कसे फुलले, ते या पाठात आपण पाहू.

मूळ पाठ

रमाबाईंचा जन्म १८५८ साली पश्चिम घाटातील गंगामूळ येथील अरण्यात झाला. हा प्रदेश आज कर्नाटकात आहे. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी समाजाचा विरोध पत्करून पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवले, आणि लक्ष्मीबाईंनी ती विद्या रमाबाईंना दिली. उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर रमाबाईंनी १८८७ मध्ये इंग्रजी ग्रंथ लिहिला, तो त्यांनी आईच्या स्मृतीस अर्पण केला.

मनोरमेचा जन्म १८८१ चा. ती वर्षाचीही झाली नव्हती, तोच तिचे वडील बिपिनबिहारी मेधावी कॉलऱ्याने वारले. तान्ह्या मुलीला घेऊन रमाबाई पुण्यास आल्या आणि १८८२ मध्ये त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला. स्त्रियांनी एकत्र यावे, विचार करावा, बोलावे, हा त्यामागील हेतू होता. १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या. तेथे वाँटेजच्या ख्रिस्ती भगिनींच्या आश्रमात मायलेकींना आश्रय मिळाला आणि तेथेच दोघींचा बाप्तिस्मा झाला. पुढे रमाबाई अमेरिकेत कार्यमग्न असताना लहानग्या मनोरमेला काही काळ आईवाचून इंग्लंडमध्ये राहावे लागले. मोठ्या कार्याची किंमत लहान मुलीनेही मोजली होती.

अमेरिकेत ठिकठिकाणी 'रमाबाई मंडळे' स्थापन झाली. न पाहिलेल्या भगिनींसाठी तेथील स्त्रिया वर्गणी गोळा करू लागल्या. त्या बळावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले. तेथील पहिली बालविधवा विद्यार्थिनी गोदूबाई जोशी. पुढे त्या महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी झाल्या. १८९० मध्ये सदन पुण्यास आले. या सदनात मनोरमा इतर मुलींबरोबर वाढली. तिची आई आता अनेकींची आई झाली होती. आईच्या मायेत वाटेकरी आले, पण त्याबरोबरच एकुलत्या एक मुलीला कितीतरी बहिणी मिळाल्या.

१८९६-९७ च्या दुष्काळात निराधार झालेल्या शेकडो मुलींना रमाबाईंनी आश्रय दिला. केडगाव येथे मुक्ती सदन उभे राहिले. अमेरिकेत शिक्षण घेऊन मनोरमाबाई परतल्या आणि आईच्या कार्यात सामील झाल्या. शारदा सदनाच्या शाळेची धुरा त्यांनी सांभाळली, अंध मुलींच्या शिक्षणात लक्ष घातले आणि त्या काळच्या निजाम संस्थानातील गुलबर्गा येथे शांती सदन ही शाळा उभारण्यात पुढाकार घेतला. आजी लक्ष्मीबाईंना अरण्यात मिळालेली विद्या नातीच्या हातून पुन्हा कर्नाटकाच्या भूमीत पोहोचली.

उतारवयात रमाबाई बायबलच्या मराठी अनुवादात गढल्या होत्या. आपल्यामागे हे कार्य मनोरमा चालवील, असा त्यांना भरवसा होता. परंतु २४ जुलै १९२१ रोजी चाळिसाव्या वर्षी मनोरमाबाईंचे निधन झाले. आईचा आधार आणि कार्याचा वारसा एकाच वेळी हरपला. तरीही रमाबाईंनी हातातील काम सोडले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनीही जगाचा निरोप घेतला. वारस गेली, पण केडगावच्या मुली पोरक्या झाल्या नाहीत. मायलेकींनी जोडलेल्या भगिनींनी ते कार्य पुढे नेले.

शब्दार्थ

धुरा – जबाबदारी. वाटेकरी – हिस्सेदार. पोरके – आईबाप नसलेले. भरवसा – विश्वास

पाठान्त प्रश्न

१. रमाबाईंनी आपला इंग्रजी ग्रंथ कोणाच्या स्मृतीस अर्पण केला?

२. 'मोठ्या कार्याची किंमत लहान मुलीनेही मोजली होती' या विधानाचा अर्थ स्पष्ट करा.

३. मनोरमाबाईंनी आईच्या कार्यात कोणती भर घातली?

४. तुमच्या परिसरातील महिला मंडळात किंवा बचत गटात काम करणाऱ्या मायलेकींशी बोला आणि त्यांच्याविषयी दहा ओळी लिहा.