नॉब उलटा बोलू लागतो तेव्हा

इलेक्ट्रिक गिटारच्या पोटात फारसा पसारा नसतो. तारांच्या कंपनातून सिग्नल तयार करणारे पिकअप, त्यांतून निवड करणारा स्विच, व्हॉल्यूम आणि टोनचे पॉट, एखादा कपॅसिटर आणि सिग्नल बाहेर नेणारा जॅक, एवढेच. बहुतेक गिटारींत बॅटरीही नसते. म्हणूनच पिकअप बदलणे किंवा पुश-पुल पॉट बसवणे ही कामे हौशी वादक घरीच करतात. झाकण लागल्यावर मात्र कधी गिटार मुकी होते, कधी गुरगुरते, कधी नाकात बोलते. अशा वेळी अडचण बहुधा ज्ञानाची नसून क्रमाची असते: एकाच बैठकीत तीन-चार बदल झालेले असतात आणि एक दोष दुसऱ्याच्या आड लपतो.

एका दुरुस्तीची हकिकत

प्रस्तुत लेखकाने दोन हम्बकर असलेल्या गिटारीत एकाच दिवशी तीन बदल केले. ब्रिजकडचा पिकअप नवा बसवला, त्याची एक कॉइल बंद करता यावी म्हणून पुश-पुल पॉट लावला आणि गुरगुर कमी व्हावी म्हणून पोकळीला व झाकणाला आतून तांब्याची चिकटपट्टी लावली. नॉब आत असताना दोन्ही कॉइल चालून आवाज भरदार यायला हवा होता आणि बाहेर ओढल्यावर एकच कॉइल चालून तो थोडा पातळ व्हायला हवा होता. घडले नेमके उलट. पुश-पुल पॉटमधला स्विच उलटा जोडला गेला असे समजून दोन संध्याकाळी त्याच्या सहा पायांवरचे डाग काढण्यात आणि पुन्हा देण्यात गेल्या. स्विच निर्दोष होता.

खरा दोष तारांच्या रंगांत होता. हम्बकरमध्ये दोन कॉइल असतात. गिब्सन कंपनीत सेथ लव्हर यांनी 1955 च्या सुमारास विकसित केलेल्या या रचनेत दोन्ही कॉइलचे चुंबकीय ध्रुव आणि विद्युतदिशा परस्परविरुद्ध ठेवलेल्या असतात. त्यामुळे तारांचा सिग्नल दुप्पट होतो आणि बाहेरून शिरलेली गुरगुर आपसात वजा होते. चार तारांच्या पिकअपमध्ये प्रत्येक कॉइलची दोन्ही टोके बाहेर येतात, पण त्यांचे रंग प्रत्येक कंपनीचे वेगळे. सेमूर डंकनच्या पिकअपमध्ये काळी तार सिग्नलची, पांढरी व लाल एकत्र जोडायच्या आणि हिरवी ग्राउंडला. डिमार्झिओमध्ये सिग्नलची तार लाल, एकत्र जोडायच्या त्या काळी व पांढरी, आणि हिरवी ग्राउंडला. पिकअप एका पद्धतीचा होता आणि समोर ठेवलेली आकृती दुसऱ्या पद्धतीची. परिणामी एक कॉइल उलटी जोडली गेली. सिग्नल वजा होऊ लागला आणि गुरगुरीची मात्र बेरीज झाली. नॉब ओढल्यावर एकच कॉइल उरत होती, म्हणून तेवढाच आवाज धड येत होता.

मल्टिमीटरने ही चूक पकडली नाही, कारण रोध मोजताना मीटरला दिशा कळत नाही. कॉइल सुलटी असो की उलटी, रोध 8 किलोओहमच दिसतो. दिशा तपासण्यासाठी मीटर डीसी मिलिव्होल्टवर ठेवून एकेका कॉइलच्या दोन टोकांना लावावा, पिकअपवर लोखंडी पेचकस आडवा टेकवावा आणि झटकन उचलावा. त्या क्षणी आकडा अधिककडे उडतो की उणेकडे, ते लिहून ठेवावे. दोन्ही कॉइलची ‘अधिक’ टोके सापडली की एकीचे उणे टोक दुसरीच्या अधिक टोकाला जोडावे. काट्याच्या जुन्या मीटरवर ही उडी अधिक स्पष्ट दिसते.

रंग सुधारल्यावर दुसरा दोष पुढे आला. झाकण उघडे असताना सारे ठीक, पण स्क्रू आवळले की हम्बकर आपोआप सिंगल कॉइलसारखा वाजू लागे. पुश-पुल पॉट साध्या पॉटपेक्षा उंच असतो. त्याच्या तळाचे पाय झाकणावरच्या तांब्याच्या पट्टीला टेकत होते. पट्टी ग्राउंडला जोडलेली असल्याने दोन कॉइलमधला सांधा थेट ग्राउंड होत होता. केबलच्या टोकाशी मोजल्यावर झाकण उघडे असताना सुमारे 7.9 आणि बंद केल्यावर सुमारे 4 किलोओहम, असा फरक दिसला. पायांवर इन्सुलेशन टेपचा एक तुकडा लावताच दोष संपला. तिथे सिग्नलची मुख्य तार टेकली असती, तर गिटार पूर्ण मुकी झाली असती.

शोधाचा क्रम

तपासणी नेहमी बाहेरून आत करावी. आधी दुसरी केबल, मग दुसरा अँप्लिफायर, मग जॅक, आणि त्यानंतरच झाकण. गिटारला केबल लावून, व्हॉल्यूम आणि टोन पूर्ण उघडून, केबलच्या मोकळ्या प्लगच्या टोकाशी व बाहीशी मीटर लावला की बरेचसे निदान झाकण न उघडताच होते. पिकअप आणि व्हॉल्यूम पॉट समांतर असल्याने आकडा पिकअपपेक्षा किंचित कमी येतो. 6 किलोओहमचा सिंगल कॉइल आणि 250 किलोओहमचा पॉट असेल तर सुमारे 5.86, आणि 8 किलोओहमचा हम्बकर व 500 किलोओहमचा पॉट असेल तर सुमारे 7.87. सारखेच दोन पिकअप एकत्र निवडल्यावर आकडा निम्मा होतो. शून्याच्या आसपास आकडा म्हणजे सिग्नल कुठेतरी ग्राउंडला टेकला आहे. नुसत्या पॉटचाच 250 किंवा 500 दिसला, तर पिकअपची तार किंवा स्विच तुटक आहे. काहीच आकडा आला नाही, तर दोष जॅककडे जाणाऱ्या तारांत आहे.

यानंतर प्रत्येक पिकअपवर पेचकसाने हलकेच टकटक करावी. स्विच ज्या जागी आहे, त्या जागेचाच पिकअप बोलला पाहिजे.

लक्षणे आणि कारणे

एकेकटे वाजवताना दोन्ही पिकअप चांगले, पण एकत्र केल्यावर आवाज पातळ आणि नाकातला: दोन पिकअप परस्परांच्या उलट दिशेने जोडलेले आहेत. नॉब उलट दिशेने चालतो: पॉटचे बाहेरचे दोन पाय बदलले गेले आहेत. टोन फिरवल्यावर आवाजच बंद होतो: कपॅसिटर शॉर्ट झाला आहे किंवा वगळला गेला आहे. व्हॉल्यूम बराच वेळ उतरत नाही आणि शेवटी एकदम कोसळतो: ‘ए’ छापाच्या लॉग पॉटऐवजी ‘बी’ छापाचा लिनिअर पॉट बसला आहे. पॉट विकत घेताना त्यावरचे अक्षर वाचावे. दोन व्हॉल्यूमच्या गिटारीत मधल्या जागी एक व्हॉल्यूम शून्यावर नेल्यावर दोन्ही पिकअप बंद होणे हा मात्र दोष नाही. अनेक गिटारींची मूळ रचनाच तशी असते.

गुरगुरीचे निदान स्पर्शाने होते. तारांना हात लावल्यावर ती कमी होत असेल तर ब्रिजचे ग्राउंड शाबूत आहे. जॅकच्या धातूला हात लावल्यावर कमी होते, पण तारांना लावल्यावर नाही, तर ब्रिजची तार सुटली आहे. ब्रिज आणि जॅकची बाही यांच्यातला रोध जवळजवळ शून्य हवा. हात लावल्यावर गुरगुर वाढली, तर जॅकवर सिग्नल आणि ग्राउंड उलटे जोडलेले असण्याची शक्यता असते. गिटार हातात धरून जागेवर फिरल्याने गुरगुर कमी-जास्त होत असेल, तर ती आसपासच्या ट्रान्सफॉर्मर किंवा दिव्यांतून येते आहे. सिंगल कॉइलमध्ये ती थोडी राहणारच.

तारांना हात लावताच झिणझिण्या आल्या तर काम तत्काळ थांबवावे. हा दोष गिटारचा नसून अँप्लिफायरचा किंवा घरातल्या अर्थिंगचा असतो. जुन्या घरांत सॉकेटला तीन भोके असली तरी अर्थची तार जोडलेली असतेच असे नाही. उपाय म्हणून ब्रिजची तार कापू नये किंवा प्लगची अर्थ पिन काढू नये. आधी इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्यावे.

डाग आणि ड्राय सोल्डर

अधूनमधून जाणाऱ्या आवाजाचे नेहमीचे कारण म्हणजे ड्राय सोल्डर. 63/37 कथील 183 अंश सेल्सिअसला वितळते, पण पॉटची पाठ ही जाड धातूची असल्याने उष्णता खाऊन टाकते आणि 25 वॉटचा सोल्डरिंग आयर्न तिथे अपुरा पडतो. कथील वर गोळी होऊन बसते, धरत नाही. पाठ पॉलिश पेपरने घासावी, 40 ते 60 वॉटचा रुंद टोकाचा आयर्न वापरावा आणि तीन-चार सेकंदांत डाग पुरा करावा. जास्त वेळ धरल्यास पॉटचा आतला कार्बन ट्रॅक बिघडतो. फ्लक्स रोझिनचा असावा, कारण आम्लयुक्त फ्लक्स पुढे सांधे खातो. चांगला डाग गुळगुळीत दिसतो, आणि तार हलक्या हाताने ओढली तरी हलत नाही.

काम सुरू करण्यापूर्वी

जुन्या वायरिंगचे दोन-तीन कोनांतून फोटो काढावेत, पिकअपचे मूळ आकडे लिहून ठेवावेत आणि आकृती त्याच कंपनीची असल्याची खात्री करावी. एका वेळी एकच बदल करावा, तो वाजवून पाहावा, मगच पुढचा हाती घ्यावा. शेवटचे मोजमाप झाकणाचे स्क्रू आवळल्यानंतर घ्यावे, कारण गिटार वाजते ती झाकण बंद असताना.